डावा कौल

महिपतराव काटकर एक्केचाळीस वर्षांचे होईपर्यंत ग्वाल्हेरच्या विद्यापीठातल्या फाइली नाडीच्या रंगावरून ओळखत. लाल नाडी परीक्षेची, पांढरी कुलसचिवांची, हिरवी असली की कोणाची तरी तक्रार. पुढे एका कारकुनानं दुपारच्या सुट्टीत त्यांना अक्षरं शिकवली. आता ते अडुसष्टचे होते. शिपाई म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी धर्म-अध्ययन विभागाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. विभाग म्हणजे तीन खोल्या, एक कूलर आणि बांधलेल्या प्रबंधांचं एक लोखंडी कपाट. त्या कपाटाचं दार कुठे उचलून ओढायचं हे दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, म्हणून ते रोज यायचे.

या विभागात हर्षिताचं पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं. मुलगी एकतिशीची, टोपी बाजारातली. वडिलांचं लग्नाच्या पगड्यांचं दुकान. तिचा विषय होता ग्वाल्हेरच्या मराठा घरांतली देवीची उपासना. तिचे मार्गदर्शक डॉ. गुरुप्रसाद तिचं प्रत्येक प्रकरण वाचून एकच प्रश्न विचारत, ‘‘इसमें नया क्या है?’’ आणि कागद परत करत. गुरुप्रसादांचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराचे पुरोहित म्हणून आले होते. घरात मराठी उरली होती ती आरतीपुरती. स्वतः त्यांनी तंत्रमार्गावर, त्यातही कौल संप्रदायावर, दोन जाड पुस्तकं लिहिली होती. दक्षिण आणि वाम असे दोन मार्ग, बंद दाराआड चालणारी पूजा, मांस, मद्य, मत्स्य, मुद्रा आणि पाचवं तत्त्व म्हणजे स्त्री-पुरुषांची गुप्त साधना. पुस्तकं कपाटात होती. कोणी मागत नसे.

आषाढातल्या एका दुपारी महिपतराव डबा खाता खाता बहिणीशी फोनवर बोलत होते.

‘‘ताई, या मंगळवारी कौल आहे ना? नाही, शिंप्यांच्या सुनेला यायचंय.’’

गुरुप्रसाद दारातून चालले होते. ते थांबले.

‘‘महिपतराव, तुमच्या घरी कौल आहे?’’

‘‘आहे ना साहेब. पाच पिढ्यांचा.’’

‘‘म्हणजे... दक्षिण की वाम?’’

महिपतरावांना वाटलं, साहेब उजवं-डावं विचारतायत. ‘‘उजवा पण असतो, डावा पण. देवीची मर्जी.’’

गुरुप्रसाद शिपायाच्या स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत ते त्या स्टुलावर पहिल्यांदा बसत होते. त्यांनी हर्षिताला हाक मारली आणि म्हणाले, ‘‘बेटा, पाँच साल से तू बाहर ढूँढ रही थी. यहाँ बगल में डब्बा खा रहा है.’’

*

मंगळवारी महिपतराव हर्षिताला घेऊन हजीऱ्याला, बहिणीच्या घरी गेले. मंदाताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आल्या, आणि वडिलांनी देवी त्यांच्या ओटीत घातली. दोन खोल्या. आतल्या खोलीत कोनाड्यात देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला, नाक-डोळे नसलेला गोल दगड. पणजोबांचे आजोबा तो घोड्याच्या खोगिरात बांधून साताऱ्याहून घेऊन आले होते. मंदाताईंना मूल नव्हतं, अक्षर येत नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं. दर मंगळवारी दहा-पंधरा बायका यायच्या आणि त्यांच्या पाया पडायच्या. तेवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं.

‘‘ही कोण? टोपी बाजारातली? नाव काय तुझं?’’

‘‘हर्षिता, मौशी. मैं... मी तुमचं थोडं रिकॉर्ड करू ना?’’

‘‘कर. पण तुझी मराठी अशी का गं? दुकानातली पगडी कशी एक दिवसासाठी भाड्यानं नेतात, तशी आणलीयस.’’

हर्षिता हसली आणि फोन जमिनीवर ठेवला.

शिंप्यांची सून आत आली. मंदाताईंनी महिपतरावांना बाहेरच्या खोलीत बसवलं, दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या. सुनेनं मनातलं विचारलं. उजवी पाकळी आधी गळाली तर हो, डावी गळाली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. यात दुसरं काही नाही. दार लावायचं ते वाऱ्यानं पाकळी उडू नये म्हणून. सगळ्या तिथे घामाघूम होऊन बसल्या. सात-आठ मिनिटांनी डावी पाकळी सुटली.

‘‘डावा आला,’’ सून म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

‘‘डाव्याला लोक घाबरतात,’’ मंदाताई हर्षिताला म्हणाल्या. ‘‘घाबरायचं काय त्यात. देवी नाही म्हणते म्हणजे वाचवते.’’

सून गेली, महिपतराव आत आले, आणि हर्षितानं सरांनी लिहून दिलेले प्रश्न काढले.

‘‘देवीला मांस चढवतात?’’

‘‘दसऱ्याला बकरं. नाही तर काय, आम्ही भट आहोत?’’

‘‘मद्य?’’

‘‘बाबा होते तोवर धार सोडायचे. आता कोण आणणार, हा?’’ त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. ‘‘याला दुकानात उभं केलं तर लिमलेट घेऊन येईल.’’

‘‘मछली?’’

‘‘मिळाली तर.’’

‘‘और... पाचवं?’’

‘‘पाचवं काय?’’

हर्षिता लाल झाली. तिला तो शब्द तोंडाबाहेर काढता येईना. पोरगी लाजली एवढं मंदाताईंना दिसलं. का ते कळलं नाही. तिला सांभाळून घ्यावं म्हणून त्या नुसत्या हसल्या आणि पदर सारखा केला.

‘‘महिपा, जा, कचोरी आण हिच्यासाठी. कोपऱ्यावरची आणू नकोस, पुढच्या चौकातली आण.’’

महिपतराव गेले. पुढचा चौक लांब होता. ते परत आले तेव्हा मंदाताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या, आणि हर्षिता, फार न समजताही, सोबत हसत होती.

*

हर्षिताला हजीऱ्याची मराठी पुरती कळत नव्हती, म्हणून ते रेकॉर्डिंग महिपतरावांनी ऐकायचं आणि एकेक वाक्य हिंदीत सांगायचं असं ठरलं. ती टाइप करायची. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की गाडी भलतीकडे चाललीय.

‘‘हर्षिता, हे ‘कौल साधना’ काय लिहिलंस? कौल म्हणजे विचारणं गं. देवीला पुसायचं, हो का नाही.’’

हर्षितानं टाइप करणं थांबवलं. ‘‘मुझे भी लगा था, काका. मौशी तो वही बोल रही हैं. मी सरांना विचारते.’’

तिनं विचारलं. दार उघडंच होतं. गुरुप्रसादांचं उत्तर महिपतरावांना बाहेर ऐकू आलं.

‘‘करणाऱ्याला आपण काय करतो ते कळत नसतं, बेटा. कळलं असतं तर त्यानेच पीएच.डी. केली असती. परंपरा विसर गई, शब्द रह गया. उजवा-डावा, दक्षिण-वाम, मांस, मद्य, मत्स्य, बंद द्वार. और क्या चाहिए? मार्चपर्यंत जमा केलं नाहीस तर नोंदणी रद्द होते. लिख.’’

महिपतरावांनी ठरवलं, सोमवारी साहेबांशी स्वतः बोलायचं. घरातली बाब आहे, ताईचं नाव आहे. दोन पाकळ्या आणि एक दगड टेबलावर ठेवून दाखवायचं.

शनिवारी हर्षिता नव्हती. तिनं रेकॉर्डिंग त्यांच्या फोनवर पाठवलं होतं. ते स्टुलावर बसून कानात वायर घालून उरलेलं ऐकत होते. कचोरी आणायला ते बाहेर पडले, दार वाजलं, आणि पुढे ताईचा आवाज आला.

‘‘खोटा कौल? एकदा लावला. एकदाच. अकरा वर्षांची होते मी. हा सहाचा. बाबांना याला शाळेत घालायचं होतं, म्हणून देवीला विचारलं. पाकळ्या मी लावायची, माझी बोटं बारीक ना. मला वाटलं, मला कोणी घातलं शाळेत? हा पाटी घेऊन जाणार आणि मी याची चड्डी धुणार? मग मी काय केलं, नैवेद्याच्या वाटीतला गूळ घेतला आणि उजव्या पाकळीला लावला. डावी कधीच पडली. उजवी सांजेपर्यंत हलेना. बाबा म्हणाले, देवी शाळा नको म्हणतेय. दुसऱ्या दिवशी देवीच्या खांद्यावर ह्या मुंग्या. बाबा म्हणतात, बघा, देवी गोड झाली.’’ इथे ती हसायला लागली. हसता हसता बोलली, ‘‘अजून माहीत नाही त्याला. विद्यापीठात सगळ्यांना पाणी पाजतो बिचारा.’’

महिपतरावांनी ते तीनदा ऐकलं. दुसऱ्या वेळेला त्यांनी गुळाचा भाग ऐकला. तिसऱ्या वेळेला फक्त शेवटचा शब्द ऐकला.

बासष्ट वर्षं त्यांना वाटत होतं की देवीनं नाही म्हटलं. अक्षरं शिकले तेव्हासुद्धा आधी हजीऱ्याला जाऊन तांदळ्यासमोर नाक घासून माफी मागितली होती, तुझ्या शब्दाबाहेर जातोय म्हणून. ताई शेजारी उभी होती. तिनंच त्यांच्या कपाळाला शेंदूर लावला होता.

सोमवारी ते साहेबांकडे गेले नाहीत. हर्षितानं विचारलं, ‘‘काका, वो ‘पुसायचं’ वाली बात?’’

‘‘साहेब म्हणतात ते बरोबर असेल. मी अडाणी माणूस.’’

‘‘और लास्ट के चार मिनट?’’

‘‘काही नाही. माझ्यावर हसतेय. घरगुती.’’

हर्षितानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं मान खाली घातली आणि टाइप करू लागली. मार्च फार लांब नव्हता.

*

माघात विभागात हर्षिताचं सादरीकरण झालं. नियमाप्रमाणे दहा माणसं हवी होती, म्हणून महिपतरावांनी शेजारच्या इतिहास विभागातून तीन जण आणून बसवले. त्यातला एक हिंदी वर्तमानपत्रात लिहायचा. आठवड्यानं बातमी आली. हजीऱ्याच्या बंद खोलीत आजही गुप्त कौल साधना, शोधछात्रेचा दावा. नाव दिलं नव्हतं. ‘मं. बाई, आयु ७३, विधवा’ एवढंच होतं. हजीऱ्यात देवी असलेली त्या वयाची दुसरी विधवा नव्हती.

पहिल्या मंगळवारी चौघीच आल्या. दुसऱ्या मंगळवारी कोणी नाही. जुन्या बायकांना कौल म्हणजे काय ते ठाऊक होतं. पण त्यांच्या सुनांनी तो शब्द फोनवर शोधला आणि जे निघालं ते सासूला दाखवलं. सासवा म्हणाल्या, आपण जात होतो ते वरवरचं असेल, आपण निघाल्यावर आत काय चालतं कोणी पाहिलंय. दार तर लावायचीच ती.

मंदाताईंनी बातमीचं कात्रण कोणाकडून तरी मिळवून ठेवलं होतं. भाऊ आला तसं त्यांनी ते पुढे केलं.

‘‘वाच रे. तू तर शिकलास. काय लिहिलंय माझ्याबद्दल?’’

महिपतरावांनी चष्मा लावला. त्यात लिहिलं होतं की पाचव्या तत्त्वाबद्दल विचारल्यावर वृद्धा लाजून हसली आणि तिनं पदर सावरला, यावरून संशोधिकेनं निष्कर्ष काढला आहे. त्यांनी बोट प्रत्येक ओळीखाली फिरवत, सावकाश वाचलं.

‘‘हजीऱ्याच्या मंदाबाई पाच पिढ्यांचा कौल सांभाळतात. देवी जागृत आहे. लांबून लोक येतात.’’

‘‘एवढंच? एवढ्या ओळी आहेत.’’

‘‘बाकी विद्यापीठाचं आहे.’’

‘‘चांगलं लिहिलंय की,’’ मंदाताई म्हणाल्या. कागद त्यांनी देवीच्या आसनाखाली ठेवला. ‘‘मग बायका का येत नाहीत?’’

‘‘थंडी आहे.’’

*

मानसिंगराव हे मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे किला गेटजवळची मराठा कुटुंबांची सभा. तीन वर्षांपूर्वी मंडळानं संगमरवरी देऊळ बांधलं होतं. गाभारा रिकामा होता, कारण जयपूरची मूर्ती कोणाला नको होती, सगळ्यांना दक्षिणेतून आलेली जुनी देवी हवी होती, आणि मंदाताई ती देत नव्हत्या. ‘‘मी मेल्यावर न्या,’’ त्या म्हणायच्या. ‘‘फार दिवस नाही थांबायला लागणार. पण ढकलू नका.’’

मानसिंगरावांना कौल म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या दोन्ही मुलांची लग्नं मंदाताईंच्या उजव्या कौलानं ठरली होती. प्रबंध जमा झाल्यावर ते विभागात आले आणि महिपतरावांच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले.

‘‘महिपतराव, मी काही म्हणत नाही. पण छापून आलंय. समाजात बोभाटा झालाय.’’

‘‘झालाय खरा.’’

‘‘विद्यापीठानं प्रबंध फेकून दिला, तर मी स्वतः जाऊन मंदाताईंचे पाय धरीन. पण विद्यापीठानंच शिक्का मारला तर देवी त्या घरात ठेवता येणार नाही. कधी आहे तोंडी परीक्षा?’’

‘‘पुढच्या शुक्रवारी. पुण्याहून बाई येतायत.’’

‘‘म्हणजे शुक्रवारी कळेल.’’

हे मंदाताईंच्याही कानावर गेलं. कात्रणात खरं काय आहे हे शेजारणीनं सांगितलं नाही, देवी न्यायचं ठरतंय एवढं सांगितलं. गुरुवारी महिपतराव गेले तेव्हा त्या देवीचं तांब्याचं घंगाळ घासत होत्या.

‘‘उद्या तू असशील ना तिथे?’’

‘‘मी नसेन तर दार कोण उघडणार.’’

‘‘मग सांग त्यांना, काय चुकलं असेल ते. तू सांगितलंस तर ऐकतील. एवढी वर्षं त्यांच्यात वावरलास.’’ घंगाळ त्यांनी पालथं घातलं. ‘‘देवी गेली तर मी या खोलीत कशासाठी उठू रे सकाळी?’’

‘‘बघतो,’’ महिपतराव म्हणाले.

*

पुण्याच्या परीक्षक डॉ. सीमंतिनी अंगानं बारीक, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी प्रबंध पुरता वाचला होता. पानापानांवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. तोंडी परीक्षा खुली होती, म्हणून मानसिंगरावही मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

‘‘हर्षिता, एक सांगा. आमच्या कोकणात कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारणं. फुलं, तांदूळ चिकटवतात. तुम्ही दोनशे चाळीस पानं कौलमार्गावर लिहिलीत. हा साधा शब्दाचा घोटाळा नाही, हे तुम्ही कसं सिद्ध करता?’’

हर्षितानं हातातला कागद टेबलावर ठेवला. ‘‘मॅडम, ग्वालियर में... इथल्या वापरात...’’

‘‘दोनशे वर्षं तुटलेली मराठी आहे ही,’’ गुरुप्रसाद मध्ये बोलले. ‘‘यहाँ अर्थ अलग बचा है.’’

‘‘सर, तुम्ही नका उत्तर देऊ. परीक्षेला ह्या बसल्यात ना?’’

महिपतराव चहाचा ट्रे घेऊन उभे होते. सीमंतिनीबाईंनी चहा घेता घेता वर पाहिलं.

‘‘तुम्ही मराठी का हो?’’

‘‘हो मॅडम. काटकर. ते घर आमचंच. ताई माझी.’’

गुरुप्रसादांनी खुर्चीचा हात धरला. हर्षितानं डोळे मिटले. सीमंतिनीबाईंनी कप खाली ठेवला.

‘‘बरं झालं. मग तुम्हीच सांगा. तुमच्या घरी कौल होतो तो कसा होतो?’’

महिपतरावांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधले.

‘‘दार लावून होतो, मॅडम. खिडकी पण लावतात.’’

‘‘का?’’

‘‘पहिल्यापासून तसंच आहे. बायका असतात. मी बाहेर असतो.’’

‘‘आणि हे उजवं, डावं?’’

‘‘दोन्ही असतं. डाव्याला लोक घाबरतात.’’

‘‘मांस, मद्य?’’

‘‘बकरं असतं. वडील होते तेव्हा दारू पण असायची.’’

‘‘पण प्रश्न विचारणं असतं की नाही त्यात?’’

एक ‘हो’ पुरे होतं. ताई उद्या सकाळी उठली असती, कण्हेर तोडली असती, आणि मानसिंगराव तिचे पाय धरायला गेले असते.

‘‘आत काय बोलतात ते मला ठाऊक नाही, मॅडम. मला शिकवलं नाही. मी लहानपणापासून अडाणी.’’

सीमंतिनीबाईंनी पानावरची पिवळी चिठ्ठी काढली, चुरगळली, आणि म्हणाल्या, ‘‘घरातलाच माणूस सांगतोय तर मी पुण्याहून येऊन काय नाकारू.’’ त्यांनी सही केली.

टाळ्या झाल्या. मानसिंगराव उठून गेले. हर्षिता नंतर गॅलरीत महिपतरावांजवळ आली. तिच्या हातात पेढ्यांचा डबा होता.

‘‘काका, तुम्ही... खरं सांगितलं ना सगळं?’’

‘‘एक शब्द खोटा बोललो नाही.’’

तिनं पेढा पुढे केला. त्यांनी घेतला. दोघांनी पुन्हा त्या विषयावर काही विचारलं नाही.

*

रविवारी मंडळाचे सात जण हजीऱ्याला आले. शालिनीताई नावाच्या बाई पण होत्या, देवळाची पूजा त्यांच्याकडे येणार होती. मंदाताई कोनाड्यापुढे बसून होत्या. त्या रडल्या नाहीत.

‘‘तुम्ही सगळे मोठे लोक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं मी ऐकणार नाही. देवीला विचारा. ती जाते म्हणाली तर मी स्वतः उचलून देईन.’’

मानसिंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नाही म्हणणं कठीण होतं. ‘‘विचारू. पण मंदाताई, सध्या जे चाललंय ते बघता तुम्ही कौल नका लावू. महिपतराव लावतील. घरातलाच पुरुष आहे.’’

मंदाताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं.

‘‘लाव रे महिपा. हात धुऊन लाव. देवी मला सोडून जायची नाही.’’

महिपतरावांनी हात धुतले. दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. उजवी गळाली तर देवी देवळात जाईल, डावी गळाली तर इथेच राहील, असं मानसिंगरावांनी मोठ्यानं सांगितलं. देवीसमोर नैवेद्याची वाटी होती, नेहमीसारखी, गूळ आणि खोबरं. महिपतराव तिच्यावर वाकले, पाठ सगळ्यांकडे होती. त्यांची बोटं जाड होती, पण काम फार नाजूक नव्हतं. डावी पाकळी त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली.

उजवी पाचव्या मिनिटाला गळाली.

मंदाताई उठल्या. त्यांनी तांदळा नव्या पिवळ्या खणात गुंडाळला, ओटीत घेतला आणि दारापर्यंत नेऊन मानसिंगरावांच्या हातात दिला. ‘‘जड आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन्ही हात लावा.’’ डावी पाकळी देवीच्या खांद्याला तशीच चिकटलेली होती. खणात कोणाला दिसली नाही.

*

मंगळवारी महिपतराव नेहमीच्या वेळेला हजीऱ्याला गेले. मंदाताईंनी सवयीनं कण्हेर तोडून आणली होती आणि ताटलीत ठेवली होती. कोनाड्यात शेंदराचा एक गोल डाग होता. ते बसतात न बसतात तोच शालिनीताई दारात आल्या.

‘‘मंदाताई, एक विचारायचं होतं. देवीच्या डाव्या खांद्यावर मुंग्या लागल्यात. काल पुसल्या, आज परत. मानसिंगराव म्हणतात चांगलं लक्षण आहे, देवी गोड झाली. पण मला बाई किळस येते. काय करावं?’’

मंदाताईंचा ताटलीवरचा हात तिथेच राहिला.

‘‘डाव्या?’’

‘‘हो, डाव्याच. उजवीकडे एक पण नाही.’’

‘‘ऊन पाण्यानं पूस,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘फडकं नवं घे. गूळ आहे तो.’’

‘‘गूळ कुठून येईल देवीच्या खांद्यावर?’’

‘‘नैवेद्याचा हात लागतो कधी कधी. पूस. जाईल.’’

शालिनीताई गेल्या. बाहेर ई-रिक्षावाला कोणाशी तरी वाद घालत होता, तो आवाज लांब जाईपर्यंत दोघं बसून राहिले.

‘‘मोबाइलवरचं ऐकलंस तू,’’ मंदाताई म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘मी अकरा वर्षांची होते रे.’’

‘‘मी सहा.’’

मंदाताईंनी ताटलीतल्या कण्हेरी एकेक करून पदरात घेतल्या आणि पुन्हा ताटलीत ठेवल्या. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि गॅसपाशी गेल्या. डब्यांची उघडझाप झाली.

‘‘साखर संपलीय,’’ त्या आतून म्हणाल्या. ‘‘चहात गूळ घालू?’’

‘‘घाल.’’